कायद्याच्या मापाने बांधलेली घरे : मुंबईच्या चाळीचा एक इतिहास

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत कुळांचा, ग्रामदैवतांचा आणि कर्त्या पूर्वजांचा इतिहास यावा, हा रूढ प्रघात आहे व तो योग्यच आहे. तथापि पोटापाण्यासाठी गाव सोडून मुंबईस आलेल्या आपल्या कुटुंबांच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात गावच्या वाड्यापेक्षाही ज्या वास्तूचा वाटा मोठा आहे, ती म्हणजे चाळ. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील चाळींच्या खोल्यांत आपल्या चार पिढ्या जन्मल्या, शिकल्या आणि नोकरीस लागल्या. आपल्यापैकी अनेक घरांतील लग्ने याच चाळींच्या चौकांत मांडव घालून झाली. या चाळींविषयी विनोदाने आणि जिव्हाळ्याने पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु चाळीस तिचा आकार कोणी दिला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गवंड्याने भिंत रचली आणि घरमालकाने पैसा घातला, हे खरेच. परंतु भिंत कोठे उभी राहावी, खिडकी कोठे असावी, मजले किती चढावेत आणि पुढे ती वास्तू सावरावी की खचू द्यावी, हे बव्हंशी सरकारी कायद्याने ठरविले. हा विषय आज केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाही. आपल्या अनेक ज्ञातिबांधवांच्या हाती पुनर्विकासाचे करारनामे आले आहेत आणि त्यांवर सही करण्यापूर्वी जुन्या कायद्यांनी आपल्या घरांचे काय केले हे समजून घेणे हिताचे होईल, असे आम्हांस वाटते.

मुंबईच्या रचनेवर कायद्याची छाप चाळींच्या पुष्कळ आधीपासून दिसते. इंग्रजांच्या कोटाबाहेर तोफांच्या माऱ्यास अडथळा नको म्हणून ठरावीक अंतरापर्यंत पक्के बांधकाम करण्यास मनाई होती. १८०३ साली कोटात मोठी आग लागली. त्यानंतर हे मोकळे पटांगण अधिक विस्तारण्यात आले आणि एतद्देशीय व्यापाऱ्यांस कोटाबाहेर वस्ती करण्यास उत्तेजन मिळाले. भुलेश्वर, काळबादेवी, पायधुनी हा दाट वस्तीचा मुलूख पटांगणापलीकडे वाढला, त्यामागे हे कारण होते. १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कोटाचे तट पाडले गेले. तोफा गेल्या, तट गेला. पण त्या मनाईने राखलेली जमीन मात्र उरली. आज ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज या नावांनी आपण जी मैदाने ओळखतो, ती त्या जुन्या लष्करी नियमाचीच शिल्लक होय. मुलांनी चेंडूफळी खेळावी हा त्या नियमाचा हेतू अर्थातच नव्हता. कायद्याचा हेतू संपतो आणि त्याने घडविलेली भूमी मागे राहते, याचा हा पहिला दाखला. दुसरा दाखला दादाभाई नवरोजी मार्गाचा. तेथील प्रत्येक इमारतीची दर्शनी घडण निराळी आहे, परंतु तळमजल्यावरील कमानीखालचा पादचाऱ्यांचा मार्ग सर्वत्र सलग आहे. कारण तो राखावा असा दंडक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालण्यात आला होता. पावसाळ्यात त्या कमानींखालून कोरड्या अंगाने चालणारा प्रत्येक जण त्या दंडकाचा ऋणी आहे.

आपल्या चाळींचा खरा इतिहास मात्र १८९६ पासून सुरू होतो. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि थोड्याच अवधीत अर्धी मुंबई गावाकडे पळत सुटली. त्या काळच्या दाट वस्तीत घरास घर लागून असे. दोन इमारतींच्या मध्ये भंग्याच्या येण्याजाण्यापुरती अरुंद घरगल्ली असे, आणि आतल्या कित्येक खोल्यांस प्रकाश मिळे तो एवढाच. अशी घरे हेच रोगाचे मूळ, असा सरकारचा ग्रह झाला आणि १८९८ च्या कायद्याने मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळाची, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, स्थापना झाली. गलिच्छ वस्त्या पाडाव्यात, समुद्राचा वारा शहरात खेळावा म्हणून रुंद रस्ते काढावेत आणि नव्या जमिनीवर नियमबद्ध वसाहती वसवाव्यात, ही कामे त्याच्याकडे आली. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते, तसेच दादर-माटुंग्याच्या वसाहती ही त्याचीच निर्मिती.

येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. ज्या वर्षी हा कायदा झाला, त्याच वर्षी सिमाँ नामक फ्रेंच वैद्याने कराचीत प्रयोग करून प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो असे दाखविले, आणि पुढे काही वर्षांनी मुंबईतील संशोधनाने त्यास दुजोरा दिला. म्हणजे ज्या समजुतीवर हा कायदा उभा होता, ती शास्त्रदृष्ट्या अपुरी होती. तरीही त्या अपुऱ्या समजुतीतून एक चांगली गोष्ट निपजली. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी प्रकाशाचे माप ठरविण्याचा हट्ट धरला. खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली तर ती जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा अधिक कोन करणारी नसावी, असा त्यांचा नियम होता. सामान्य माणसाच्या हिशेबात याचा अर्थ असा की, समोरची इमारत ४० फूट उंच असेल तर मध्ये किमान २० फूट मोकळी जागा पाहिजे. उंचीच्या निम्मे अंतर सुटलेच पाहिजे. ट्रस्टच्या वसाहतींतून आजही हिंडून पाहावे. इमारतींभोवती सुटलेली जागा आणि प्रत्येक खोलीत येणारा उजेड यांमागे कोण्या स्थापत्यविशारदाची प्रतिभा नसून भूमितीचा हा साधा नियम उभा आहे.

या कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ट्रस्टने सुरुवातीच्या वर्षांत जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत, आणि पाडलेल्या घरांतील गरीब माणसे शेजारच्या वस्तीत जाऊन दाटली. पुढे ट्रस्टने स्वतः चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले, हे सर्वश्रुत आहे. १९२० मध्ये गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत स्थापन झालेल्या विकास खात्याने पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून सुमारे २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्याच त्या बी.डी.डी. चाळी. १६० चौरस फुटांची एक खोली, समोर सामायिक मार्ग, टोकाला शौचकूप. गिरणी कामगाराच्या कुटुंबास एवढे पुरे, असे सरकारी कागदावर ठरले आणि त्या एका आकड्यात हजारो संसार शंभर वर्षे मावून राहिले.

याच सुमारास मध्यमवर्गीय समाजास कायद्यानेच दुसरी एक वाट उघडून दिली. १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने अन्य कार्यांसाठीही सहकारी संस्था स्थापण्याची मुभा मिळाली. तिचा लाभ घेऊन १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. देशातील आद्य गृहनिर्माण संस्थांत तिची गणना होते. एकट्यादुकट्यास जे घर कधीही बांधता आले नसते, ते ज्ञातीच्या परस्परविश्वासावर सामायिकपणे बांधता येते, हा धडा तेथून अनेक समाजांनी घेतला. त्याबरोबरच एकेका समाजाची स्वतंत्र वसाहत ही मुंबईची ओळखही ठरली. सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपनियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या प्रकरणात वैध ठरविला. कायदा मुभा देतो. परंतु दार कोणासाठी उघडायचे आणि कोणासाठी मिटायचे हा प्रश्न कायद्याने सुटत नाही, तो प्रत्येक समाजाने आपल्या विवेकास विचारावा, एवढेच आम्ही येथे सुचवितो.

आता ज्या कायद्याचे नाव प्रत्येक चाळकऱ्याच्या तोंडी आहे, त्याकडे वळू. युद्ध आले की मुंबईत माणसांची गर्दी होई व घरभाडी भडकत. म्हणून १९१८ साली प्रथम भाडेनियंत्रण आले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते पुन्हा लागू झाले. या सर्वांचे एकत्रित रूप म्हणजे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे तेच प्रमाणभूत धरण्यात आले आणि भाडेकरूस घराबाहेर काढणे दुरापास्त झाले. या कायद्याचे आपल्या समाजावरील उपकार विसरता येणार नाहीत. तुटपुंज्या पगाराच्या कारकुनास शहराच्या मध्यभागी राहून मुलांस चांगल्या शाळेत घालता आले, विधवेस घर सोडावे लागले नाही, सोबत राहणाऱ्या वारसांस खोली मिळाली. हे सारे या कायद्याने दिले. तो नसता तर आपल्यापैकी कित्येक कुटुंबे मुंबईत टिकलीच नसती.

परंतु आपल्याच समाजात घरमालकही आहेत, आणि त्यांचीही बाजू न्यायाने ऐकली पाहिजे. १९४० चे भाडे १९७० सालीही तेच राहिले आणि १९९० सालीही तेच. कौले बदलायची, सागवानी तुळया सावरायच्या तर त्या भाड्यात एका सुताराची मजुरीही भागेना. दुरुस्ती थांबली. भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला आणि तसे बांधकाम जवळजवळ बंद पडले. भाडे वाढविता येत नाही म्हणून भाड्याबाहेरचा मार्ग निघाला, तो पागडीचा. कागदावर खोली स्वस्त आणि प्रत्यक्षात पागडीवाचून मिळेना, अशी अवस्था झाली. जे आत होते ते सुरक्षित राहिले, आणि त्यांच्याच विवाहित मुलांस मात्र शेजारी खोली मिळेना. मग त्याच खोलीत पोटमाळा चढला, आणि वरच्या माळ्यावर दुसरा संसार थाटला गेला. ज्या कायद्याने खोली राखली, त्यानेच ती दुप्पट दाटविली.

पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली आणखी एक कायदा झाला. त्याने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन केले आणि दुरुस्तीसाठी उपकर बसविला. त्या वेळी सुमारे साडेएकोणीस हजार इमारती या उपकराखाली आल्या. बांधकामाच्या काळानुसार त्यांचे तीन वर्ग पडले आणि १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारतींचा अ वर्ग त्यांत सर्वांत मोठा होता. मालकाने करावयाची दुरुस्ती अशा रीतीने शासनाकडे गेली. अखेर १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याची तरतूद आता वाजवी राहिलेली नाही असा निर्णय दिला. त्यानंतर आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने दरवर्षी चार टक्के वाढ मान्य केली व पागडीच्या व्यवहारासही मान्यता दिली. परंतु पन्नास वर्षांत लाकडाला लागलेली कीड चार टक्क्यांनी निघत नाही.

भाड्याच्या घरांचा ओघ आटला तेव्हा त्याची जागा मालकीच्या सदनिकेने घेतली. आगाऊ पैसे घेऊन घर न देणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांस आवर घालण्यासाठी १९६३ चा मालकी सदनिका कायदा झाला आणि नोंदणीकृत करार व मंजूर नकाशे दाखविणे बंधनकारक झाले. त्यानंतर शहराच्या विकास नियमांत एक नवे माप प्रतिष्ठित झाले. ते म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, ज्यास सर्व जण एफ.एस.आय. म्हणतात. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे त्याने ठरते. १९९१ च्या नियमावलीत मुंबई बेटावर तो सर्वसाधारणपणे १.३३ आणि उपनगरांत १ होता. ऑर साहेबांचा नियम उजेड मोजीत होता. हा नवा नियम जमिनीचा चौरस फूट मोजू लागला.

माप बदलले की घर कसे बदलते, याचे उदाहरण प्रत्येकाच्या घरीच आहे. एका मर्यादेपर्यंतचा सज्जा, म्हणजे बाल्कनी, निर्देशांकात धरीत नसत. म्हणून प्रत्येक इमारतीस सज्जे फुटले आणि ताबा मिळताच ते काचा लावून खोलीत मिसळले गेले. पुढे शुल्क भरून ते बंद करण्यास नियमानेच परवानगी दिली. मग खिडकीबाहेरचे फुलझाडांचे कट्टे हिशेबातून सुटतात असे ध्यानात आले, तेव्हा ज्यांत कधी एक तुळसही लागली नाही असे प्रशस्त कट्टे नकाशांत उमटले. २०१२ साली नियम बदलून हे सारे निर्देशांकात मोजावयाचे ठरले आणि त्याबदली अधिमूल्य भरून जादा क्षेत्र मिळू लागले. त्यानंतरच्या नव्या इमारती पाहाव्यात. त्यांत सज्जे झपाट्याने कमी झालेले दिसतात. मुंबईकरास हवा आवडेनाशी झाली असे नव्हे. सज्जाचा हिशेब बदलला, एवढेच.

या साऱ्याचा आपल्या चाळींशी संबंध असा की, आता त्यांचा पुनर्विकास याच मापाने होत आहे. उपकरप्राप्त इमारती पाडून नव्या बांधल्यास जादा चटई क्षेत्र मिळते. त्यातून जुन्या रहिवाशांस विनामूल्य घर द्यावयाचे आणि उरलेल्या क्षेत्राच्या विक्रीतून खर्च भागवावयाचा, ही या योजनेची रीत. रहिवाशास मिळणारे किमान क्षेत्र पूर्वी २२५ चौरस फूट होते, पुढे ते ३०० झाले. बी.डी.डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या रहिवाशांस ५०० चौरस फुटांची घरे द्यावयाची ठरली आणि २०२५ साली वरळीतील पहिल्या कुटुंबांस तशा घरांच्या किल्ल्या मिळाल्या. हा आनंदाचा विषय आहे. धोकादायक इमारतींबाबत २०२२ च्या अखेरीस संमती मिळालेल्या तरतुदीनुसार प्रथम मालकास सहा महिन्यांची संधी, त्याने पाऊल न उचलल्यास रहिवाशांच्या संस्थेस तेवढीच संधी, आणि त्यानंतर शासनाचे मंडळ पुढे येणार, असा क्रमही ठरला आहे. मालक आणि भाडेकरू यांचा जुना वाद सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढेही गेला होता. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी त्या पीठाने बहुमताने सांगितले की, खासगी मालकीची प्रत्येक मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती होय असे मानता येणार नाही.

परंतु आपला मुख्य प्रश्न मालकीचा नसून मापाचा आहे. जुन्या रहिवाशांची घरे आणि विक्रीची घरे एकाच लहान भूखंडावर बसवावयाची असल्याने पुनर्विकासाच्या योजनांस इमारतींमधील मोकळ्या जागेत सवलती द्याव्या लागल्या. करारनाम्यात चौरस फूट ठळक अक्षरांत असतो. समोरची भिंत किती अंतरावर येणार, हे नकाशाच्या कोपऱ्यात असते. याची किंमत काय पडते, हे मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींनी दाखविले आहे. एकमेकींस खेटून उभ्या असलेल्या त्या इमारतींची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. कमी उजेडाच्या आणि कोंदट घरांतील रहिवाशांत क्षयरोगाचे प्रमाण अधिक असल्याचे तीत आढळले. एकशेवीस वर्षांपूर्वी प्लेगाच्या भीतीने जो नियम शहराने शिकून घेतला होता, तो चौरस फुटांच्या हिशेबात शहर विसरले. या पाहणीने निघालेला निष्कर्ष आम्हांस अत्यंत गंभीर वाटतो.

गेल्या सव्वाशे वर्षांचा हा आलेख एकत्र पाहिला असता एकच सूत्र हाती लागते. कायदा जे मोजतो ते बांधले जाते, आणि जे मोजीत नाही ते हळूहळू नाहीसे होते. ट्रस्टने उजेड मोजला, तेव्हा उजेड मिळाला, पण परवडणारे भाडे मिळाले नाही. १९४७ च्या कायद्याने भाडे मोजले, तेव्हा आसरा मिळाला, पण तुळई कुजली. आजचा नियम क्षेत्र मोजतो. क्षेत्र निश्चित मिळेल, बाकीचे मिळेलच अशी हमी नाही. चाळीच्या ज्या सामायिक गॅलरीत बायका पापड वाळवीत, मुले अभ्यास करीत आणि आजाऱ्याची चौकशी न विचारता होई, त्या गॅलरीस तर कोणत्याच कायद्याने मोजले नव्हते. नव्या इमारतीत तिचा अरुंद मार्ग होतो, कारण तेथील प्रत्येक फुटास किंमत असते.

चाळीच्या आठवणींनी गहिवरून जाऊन शौचकुपापुढच्या रांगा आणि गळकी छपरे यांचे गुणगान करावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ज्यांनी त्या सोसल्या, त्यांस स्वतःच्या मोरीचे व बंद दाराचे मोल ठाऊक आहे. आमची विनंती इतकीच की, आपल्या संस्थेच्या सभेत करारनामा येईल तेव्हा क्षेत्राबरोबर आणखी चार प्रश्न विचारले जावेत. समोरच्या इमारतीची उंची किती आणि अंतर किती? स्वयंपाकघराची व न्हाणीघराची खिडकी मोकळ्या हवेत उघडते की बंद विवरात? उद्वाहक, पंप आणि देखभाल यांचा मासिक खर्च निवृत्त सभासदास झेपेल काय, आणि त्यासाठी ठेव किती मिळणार? मुलांस खेळण्यास आणि वृद्धांस बसण्यास कोणती जागा राखली आहे? हे प्रश्न सही झाल्यावर विचारून उपयोग नाही. नकाशा मंजूर होण्यापूर्वीच ते इतिवृत्तात नोंदविले पाहिजेत. आपल्या ज्ञातीत वकील आहेत, अभियंते आहेत, वास्तुविशारद आहेत. १९१५ च्या त्या उदाहरणाप्रमाणे त्यांनी आपले ज्ञान संघटितपणे सभासदांच्या सेवेस द्यावे आणि एका घरासाठी एकट्याने झगडणाऱ्या कुटुंबास ज्ञातीचा आधार व्हावा.

आपल्या पूर्वजांच्या खोल्यांचे माप इतरांनी ठरविले. त्या कागदावर त्यांस सही मागितली गेली नव्हती. आज ती मागितली जात आहे. एवढा फरक तरी काळाने आपल्या पदरात टाकला आहे. त्याचा उपयोग आपण जाणतेपणाने करावा, आणि पुढील पिढीच्या घरात क्षेत्राबरोबर उजेड, वारा व शेजारही नांदावा, हीच आमची इच्छा.